दही, प्रोबायोटिक दूध आणि आतड्यांचा दाह : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहविकारांवर लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बहुतेकांचा रोख दही, ताक आणि दुकानात मिळणारे प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपयोगी मानलेले जिवंत जंतू घातलेले, दूध यांवर आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. विषय खासगी असल्याने कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : माझ्या सव्वीस वर्षांच्या मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मेसालामाइनच्या गोळ्या चालू आहेत आणि गेले वर्षभर शौचातून रक्त किंवा आव पडलेली नाही. जपानमध्ये या रोगावर बायफिडोबॅक्टेरिया हे जंतू घालून आंबवलेले दूध देतात आणि त्यामुळे रोग उलटत नाही, म्हणजे पुन्हा उसळत नाही, असे त्याच्या मावशीने वाचले. आता मुलगा म्हणतो, गोळ्या थांबवून तेच दूध घेऊन पाहू. असे करावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : करू नये. मावशींनी वाचले ते मात्र खोटे नाही. ते अर्धवट आहे, आणि उरलेले अर्धे समजून घेण्यासारखे आहे.

२००३ साली जपानमधील संशोधकांनी एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. तीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २१ रुग्ण होते. त्यांपैकी ११ जणांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने रोज १०० मिलिलिटर बायफिडोबॅक्टेरियायुक्त आंबवलेले दूध वर्षभर देण्यात आले आणि उरलेल्या १० जणांना ते दिले नाही. वर्षाअखेरीस दूध घेणाऱ्या ११ जणांपैकी ३ जणांचा रोग उलटला होता, तर न घेणाऱ्या १० जणांपैकी ९ जणांचा. पुढच्याच वर्षी आणखी एका जपानी चाचणीत, रोग सौम्य ते मध्यम स्वरूपात चालू असलेल्या २० रुग्णांना हेच दूध अथवा तसेच दिसणारे निष्क्रिय पेय १२ आठवडे दिले गेले आणि तेथेही दूध घेणाऱ्यांची लक्षणे अधिक उतरल्याचे दिसले. आशा वाटावी असेच हे आकडे होते, आणि आजही आरोग्यविषयक लिखाणात फिरत असतात ते हेच आकडे.

पहिल्या चाचणीचे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहावेत. दूध न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांचा रोग वर्षाच्या आत उलटला. औषधे नियमित घेणाऱ्या रुग्णांच्या मोठ्या समूहात एवढ्या प्रमाणात रोग उलटलेला सहसा आढळत नाही. त्यामुळे दुधाने फार मोठा फायदा केला, की तुलनेसाठी घेतलेल्या दहा जणांची ती मंडळी योगायोगाने अधिक दुर्दैवी निघाली, हे इतक्या थोड्या रुग्णांवरून ठरवता येत नाही. दोन-तीन जणांचे पारडे इकडचे तिकडे झाले असते, तरी निष्कर्ष बदलला असता.

हा संशय दूर करण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे मोठी चाचणी घेणे. तीही जपानमध्येच झाली आणि २०१८ साली प्रसिद्ध झाली. रोग शांत असलेल्या १९५ रुग्णांना दोन गटांत विभागून, कोणाला काय मिळते हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कळू न देता, एका गटाला बायफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हे आणि लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलस यांनी आंबवलेले दूध रोज एक पुडा याप्रमाणे ४८ आठवडे द्यायचे आणि दुसऱ्या गटाला हुबेहूब दिसणारे निष्क्रिय पेय द्यायचे, अशी तिची आखणी होती. मध्यावर आकडेवारी तपासली तेव्हा रोग उलटण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही, म्हणून चाचणी आटोपती घेण्यात आली. दुधाने अपाय झाला असे दिसले नाही. पण रोग दाबून ठेवण्याचे काम त्याने केले, असेही दिसले नाही.

ज्या देशाने या दुधाविषयी आशा निर्माण केली, त्याच देशातील संशोधकांनी ती अधिक कसोशीने तपासून निकाल प्रामाणिकपणे छापला, याचे मला कौतुक वाटते. पहिला निकाल गावोगाव पोचतो आणि दुसरा ग्रंथालयात राहतो, त्याला त्यांचा इलाज नाही.

आणखी एक गोष्ट मुलाला समजावून सांगावी. या तिन्ही चाचण्यांत रुग्णांचे नेहमीचे उपचार बंद करून त्यांना केवळ दुधावर ठेवलेले नव्हते. गोळ्यांच्या जागी दूध, हा प्रयोग म्हणजे मावशींनी वाचलेल्या संशोधनाचे अनुकरण नव्हेच. रक्त थांबले म्हणजे आतड्याचे अस्तर पूर्ववत झाले, असेही गृहीत धरू नये. कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत) आणि शौचातील कॅल्प्रोटेक्टिन या दाहदर्शक प्रथिनाच्या तपासणीत पुष्कळदा लक्षणांच्या आड दडलेला दाह सापडतो. मेसालामाइन चालू ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच असतो. दूध आवडत असेल, तर गोळ्यांबरोबर खुशाल प्यावे.

प्रश्न : घरी लावलेले दही आणि बाजारातील प्रोबायोटिक बाटली यांत नेमका फरक काय? जंतू दोन्हींत असतात, मग बाटलीवर पैसे का घालवायचे? — एक वाचिका, सांगली

उत्तर : आपला प्रश्न अगदी रास्त आहे. कोमट दुधात विरजण लावले की त्यातील लॅक्टोकोकस, लॅक्टोबॅसिलस, स्ट्रेप्टोकोकस अशा निरनिराळ्या जातींचे जंतू दुधातील लॅक्टोज शर्करेचे लॅक्टिक आम्ल बनवतात, आम्लामुळे दुधातील केसिन हे प्रथिन गोठते आणि दही लागते. कोणत्या घरच्या विरजणात कोणते जंतू किती, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. ते घरागणिक बदलतात, उन्हाळा-हिवाळ्यानुसार बदलतात आणि शेजारणीकडून नवे विरजण आणले तरी बदलतात. कारखान्यातील पातळ-घट्ट योगर्टमध्ये ठरावीक दोन जाती असतात : लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस.

प्रोबायोटिक हे नाव मिळण्यासाठी एवढे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येनुसार तो जंतू जिवंत असला पाहिजे, पुरेशा संख्येने पोटात गेला पाहिजे आणि त्याचा आरोग्याला काही लाभ होतो हे दाखवता आले पाहिजे. हा लाभ जंतूच्या विशिष्ट वाणासाठी, म्हणजे एकाच जातीतील ठरावीक प्रकारासाठी, सिद्ध करावा लागतो. एका लॅक्टोबॅसिलसने अमुक केले म्हणून दुसराही तेच करील, असे नाही. जपानमध्ये मिनोरु शिरोता यांनी १९३० साली वेगळा काढलेला आणि १९३५ पासून याकुल्ट या पेयातून विकला जाणारा लॅक्टोबॅसिलस हे अशा वाणाचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. आपल्याकडे मिळणाऱ्या त्याच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जंतू असतात. अर्थात अभ्यास झालेला वाण असणे वेगळे आणि तो आपल्या रोगावर उपयोगी ठरलेला असणे वेगळे. बाटलीवरच्या मजकुरात ही सीमारेषा पुसट झालेली असते.

म्हणजे पैशाच्या दृष्टीने आपले म्हणणे बरोबर ठरते. कोलायटिसवर बाटलीचा उपयोग सिद्ध झालेला नसताना, रोजच्या आहारासाठी घरचे ताजे दही सरस आहे. त्यात साखर नसते. अशा बहुतेक पेयांत ती बरीच असते, हे वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचल्यावर कळेल. जाता जाता : कढी उकळली की तिच्यातील जंतू मरतात, आणि महिनोन्‌महिने बाहेर टिकणारे खोक्यातील ताक उच्च तापमानाला तापवलेले असल्याने त्यातही जिवंत जंतू उरत नाहीत. दोन्ही चवीला उत्तमच.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. माझ्या कोलायटिसवर येथील डॉक्टर प्रोबायोटिक देण्यास तयार नाहीत. भारतातील माझ्या आतेभावाला मात्र त्याच्या डॉक्टरांनी अनेक जंतूंची पुडी दिली आणि त्याला बरे वाटले. दोघांपैकी बरोबर कोण?

उत्तर : दोन्ही डॉक्टरांच्या बाजूने बोलता येईल, असे हे प्रकरण आहे. आपल्या आतेभावाला मिळालेली पुडी बहुधा आठ प्रकारच्या जंतूंच्या मिश्रणाची असावी. तिच्यावरील एक महत्त्वाची चाचणी भारतातच झाली. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजचे डॉ. अजित सूद आणि देशातील इतर केंद्रांतील त्यांचे सहकारी यांनी सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या १४७ रुग्णांवर ती केली आणि २००९ साली प्रसिद्ध केली. बारा आठवड्यांनंतर पुडी घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के रुग्णांचा रोग शांत झाला होता, तर निष्क्रिय पुडी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५.७ टक्के होते. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पण मात्रा पाहावी. एका वेळी ३.६ लाख कोटी जंतू, आणि तेही दिवसातून दोनदा. वर उल्लेखिलेल्या बाटलीतील ६५० कोटींशी तुलना केली, तर एका दिवसाची मात्रा हजार बाटल्यांहून अधिक भरते. पुडीचा निकाल दाखवून वाटीभर दह्याची किंवा बाटलीची शिफारस करणे कसे गैरलागू आहे, हे या एका हिशेबावरून ध्यानात यावे. शिवाय त्या मिश्रणाचे मूळ सूत्र आणि ते ज्या व्यापारी नावाने ओळखले जाई ते नाव यांची २०१६ साली फारकत झाली, त्यामुळे जुन्या चाचण्यांतील नाव आणि आज त्या नावाने हाती येणारी पुडी एकच असेल असे समजू नये.

अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली उपलब्ध पुरावा एकत्र तपासून, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोहोंतही प्रोबायोटिक फक्त संशोधनात्मक चाचणीचा भाग म्हणून द्यावे, अशी भूमिका घेतली. आपले डॉक्टर तिला धरून चालत आहेत. अपवाद असोसिएशनने एका परिस्थितीपुरता ठेवला : मोठे आतडे काढून लहान आतड्याच्या टोकापासून पिशवी तयार केलेल्या रुग्णांत त्या पिशवीला होणारा दाह. इटलीत बोलोन्या येथे झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा ४० रुग्णांपैकी आठ जंतूंचे मिश्रण घेणाऱ्या २० जणांत नऊ महिन्यांत ३ जणांचा दाह उलटला, आणि न घेणाऱ्या वीसच्या वीस जणांचा उलटला. ही चाचणीही लहानच आहे, म्हणून शिफारसही जोरकस नाही, सशर्त आहे. आपल्यावर अशी शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर डॉक्टरांशी या मुद्द्यावर वाद घालण्याचे कारण मला दिसत नाही. आतेभावाला मिळालेला आराम मात्र खरा असू शकतो. या रोगात चढउतार आपोआपही होतात आणि निष्क्रिय पुडी घेणाऱ्यांपैकीही १५.७ टक्के लोक बरे झाले होते.

प्रश्न : माझ्या भावाला क्रोन्स रोग आहे. आधी आतड्याचा क्षयरोग समजून सहा महिने औषधे दिली होती. आता लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अरुंदपणा आला आहे. दह्याने किंवा प्रोबायोटिकने तो कमी होईल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरापुरता राहतो; क्रोन्समध्ये आतड्याच्या भिंतीची सर्व जाडी दाहात सापडते आणि जुन्या दाहाचे तंतूंत रूपांतर होऊन मार्ग आवळला जातो. जंतूंनी तो तंतुमय भाग सुटत नाही. त्याची दखल शल्यचिकित्सक किंवा एंडोस्कोपी करणारे तज्ज्ञ यांनीच घ्यायची असते.

क्रोन्सच्या बाबतीत प्रोबायोटिकचा पुरावा कोलायटिसहून कितीतरी दुबळा आहे. फ्रान्समध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ९८ रुग्णांना लॅक्टोबॅसिलस जॉन्सोनी, म्हणजे तिकडच्या एका प्रसिद्ध दह्यातील जंतू, सहा महिने देऊन पाहिला; एंडोस्कोपीत रोग पुन्हा दिसण्याचे प्रमाण ४९ टक्के आणि निष्क्रिय पुडीच्या गटात ६४ टक्के निघाले. फरक दिसायला मोठा आहे, परंतु एवढ्या रुग्णसंख्येत तो योगायोगानेही पडू शकतो, म्हणून संशोधकांनी त्याला परिणाम मानले नाही. आपल्याकडे जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टची १६५ क्रोन्स रुग्णांवर चाचणी झाली, तीही निष्फळ ठरली.

क्षयरोगाच्या उपचारांबद्दल आपल्या पत्रात नाराजी जाणवते, म्हणून एवढे सांगतो : आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही लहान आतड्याच्या शेवटी सुरू होणे पसंत करतात, एंडोस्कोपीतील चित्र सारखे असते आणि आतड्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतही (बायोप्सीतही) नेहमी निवाडा होत नाही. क्षय असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले, तर क्षय भडकतो. त्यामुळे आपल्या देशात शंका असेल तेथे आधी क्षयाची औषधे देऊन पाहण्याचा प्रघात आहे. भाऊ धूम्रपान करीत असल्यास ते ताबडतोब थांबवावे. क्रोन्सवर याचा होणारा फायदा कोणत्याही दह्याहून निश्चित आहे.

प्रश्न : मला अझाथायोप्रिन चालू आहे आणि लवकरच इन्फ्लिक्सिमॅबची इंजेक्शने सुरू होतील. प्रतिकारशक्ती कमी असताना जिवंत जंतूंचे दूध घेणे धोक्याचे नाही का? — पुणे

उत्तर : धोका अगदी कमी आहे, तरी शून्य नाही. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांच्या रक्तात लॅक्टोबॅसिलस आढळल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अतिशय आजारी माणसाला जंतूंचे दाट मिश्रण देण्याबाबत सावधगिरी का बाळगतात, हे नेदरलँड्समधील एका चाचणीवरून कळते. तिचा आपल्या रोगाशी संबंध नाही, ती स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९८ रुग्णांवर झाली होती आणि २००८ साली प्रसिद्ध झाली. प्रोबायोटिक दिलेल्यांपैकी १६ टक्के आणि न दिलेल्यांपैकी ६ टक्के रुग्ण दगावले. रोग जोरात असून रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, तर अशा पुड्या व कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

घरच्या दह्याबाबत मी इतका कडक नाही. दूध नीट उकळलेले असावे, विरजण ताजे असावे, दही लागल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे, एवढी पथ्ये पाळली तर आपण दही खाऊ शकता. न तापवलेल्या दुधाचे दही, ताक, लोणी मात्र पूर्णपणे टाळावे, कारण त्यातून ब्रुसेल्ला, लिस्टेरिया आणि गोवंशीय क्षयाचे जंतू येऊ शकतात. इन्फ्लिक्सिमॅबपूर्वी आपली क्षयरोगाची तपासणी होईलच. त्या औषधाने सुप्त क्षय जागा होतो, हे तिचे कारण.

प्रश्न : ग्रहणी या विकारावर ताक हे श्रेष्ठ औषध असल्याचे आयुर्वेदात सांगितले आहे. मग आधुनिक डॉक्टर ते का मान्य करीत नाहीत? — कोल्हापूर

उत्तर : चरकसंहितेत ग्रहणी आणि अर्श (मूळव्याध) यांवर तक्राची, म्हणजे ताकाची, प्रशंसा आहे, हे खरे. तथापि ज्या काळी आतड्यात डोकावण्याचे साधन नव्हते, त्या काळच्या ग्रहणीत आज वेगवेगळी नावे असलेली किती दुखणी एकत्र आली असतील : पचन बिघडणे, जंतुसंसर्ग, लॅक्टोज न पचणे, आणि कदाचित कोलायटिसही. त्यांतील काहींना ताकाने उतार पडत असणारच. व्रण पडलेल्या आतड्यावर ते चालते का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागेल. आपण ताक घेत असाल आणि ते सोसत असेल, तर कोणताही डॉक्टर अडवणार नाही. अडवतील ते औषध सोडण्याला.

याच अनुषंगाने एक इशारा द्यावासा वाटतो. शौचातून रक्त जात असताना मूळव्याध समजून महिनोन्‌महिने ताकावर राहिलेले रुग्ण आजही येतात. रक्ताबरोबर आव, मुरडा, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागणे किंवा वजन घटणे, यांपैकी काही असेल, तर तपासणी लांबवू नये.

प्रश्न : रोग उसळला की घरचे दूध-दही सगळे बंद करतात. ते बरोबर आहे का? — एक वाचिका, मडगाव

उत्तर : सरसकट बंद करण्याचे कारण नाही. दूध सोसत नाही ते बहुधा लॅक्टोजमुळे. भारतीय प्रौढांपैकी पुष्कळांना ते नीट पचत नाही, आणि लहान आतड्याचे अस्तर सुजलेले असताना ही अडचण आणखी वाढते. दह्यात लॅक्टोज थोडे कमी असते आणि त्यातील जंतू उरलेले पचवण्यास हातभार लावतात, म्हणून ज्यांना दूध सोसत नाही अशा अनेकांना दही सोसते. आठवडाभर दूध बंद करून लक्षणांत फरक पडतो का ते पाहावे आणि मग वाटीभर दह्यापासून सुरुवात करावी. फरक पडत नसेल, तर बंदी उठवावी.

आपल्याला उसळीच्या काळात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घ्यावे लागत असेल, तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो. स्टिरॉइडने हाडांतील कॅल्शियम घटते, आणि नेमक्या त्याच काळात घरच्यांनी दूध, दही, पनीर हे कॅल्शियमचे मुख्य स्रोत तोडलेले असतात. दही बंदच ठेवावे लागत असेल, तर नाचणी, बारीक काट्यांसह खाता येणारी लहान मासळी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, यांची योजना त्याच दिवशी करावी. आतड्याचा मार्ग अरुंद झाला असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर मासळी मात्र काटे काढूनच खावी.